ताई, एक विचारू? : एवढी अक्षरं कशाला लावायची?

यावेळी आलेल्या पत्रांमधली बरीचशी एकाच धाग्याची निघाली म्हणून तीच घेतेय, बाकीची पुढच्या अंकात. अक्षरं म्हणजे एलजीबीटीआय : लेस्बियन म्हणजे बाईवर प्रेम करणारी बाई, गे म्हणजे पुरुषावर प्रेम करणारा पुरुष, बाय म्हणजे दोघांवरही प्रेम करू शकणारं माणूस, ट्रान्स म्हणजे जन्मावेळी लिहिलेलं लिंग आणि स्वतःची ओळख वेगळी असणारं, आणि इंटरसेक्स म्हणजे ज्याचं शरीर जन्मतःच बाई-पुरुष यापैकी एका साच्यात सरळ बसत नाही ते. नावं छापलेली नाहीत, गावंही नाहीत, फक्त जिल्हा.

प्रश्न : नमस्कार ताई. मी नोकरी करतो, गे आहे. आम्ही मित्रांनी मिळून महिन्यातून एकदा रविवारी संध्याकाळी ७ ला भेटायचं सुरू केलं, चहा-नाष्टा, गप्पा, कधी वकील कधी डॉक्टर बोलवायचे असं. आधी छान चालायचं, आता दर भेटीत तेच सुरू होतं, पोस्टरवर नुसतं गे ग्रुप का लिहिलं, ट्रान्स का नाही, बाय का नाही, एकानं तर इंटरसेक्सचं विचारलं, आमच्यात तसं एकही माणूस नाही तरी. मी म्हणालो गे म्हटलं की सगळे आलेच त्यात. आधीच आपण मूठभर, त्यात असे फाटे फोडत बसलो तर बाहेरच्यांना आयतंच सापडेल. एकजूट महत्त्वाची का अक्षरं? जे असेल ते सरळ सांगा. (जि. छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : भाऊ, सरळच सांगते. आपल्या भागात अशी भेट महिनोन्महिने चालवणं सोपं नाही, हॉलवाला कशाचा कार्यक्रम आहे ऐकलं की नाही म्हणतो, येणारा घरी काहीतरी खोटं सांगून येतो, तरी तुम्ही ती चालवताय, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण गे म्हटलं की सगळे आले हे खरं नाही. कोण आलं ते बघा ना. तुमच्या अख्ख्या पत्रात मित्र आहेत, मैत्रीण एकही नाही. जी बाई बाईवर प्रेम करते ती गे ग्रुप असं वाचून हे आपल्यासाठी आहे असं का समजेल, आणि समजलीच तरी रविवारी संध्याकाळी ७ ला पैठणहून किंवा वाळूजहून घरी काय सांगून निघेल, परत जायला गाडी कुठली? ईदच्या दिवशी भेट ठेवली तर मुसलमान पोरगं कसं येईल? आणि आमच्यात इंटरसेक्स माणूस एकही नाही हे तुम्हाला कसं कळलं? ज्याचं नाव तुमच्या कागदावरच नाही तो माणूस चहा पिऊन, गप्प बसून, घरी जातो, आणि तुम्ही समजता की तो नाहीच.

हे नुसतं मान देण्यापुरतं असतं तरी मी लिहाच म्हटलं असतं, पण प्रत्येकाची अडचण वेगळी आहे आणि खरी गोष्ट तिथं आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध दंड संहितेच्या कलम ३७७ मध्ये गुन्हा नाहीत, त्या दिवशी पेढे वाटले गेले, वाटायलाच पाहिजे होते. पण नांदेड-मनमाड गाडीत टाळी वाजवून मागणारी जी ट्रान्स बाई आहे तिला दुसऱ्या दिवशीही डब्यातून उतरवता येत होतंच, कारण रेल्वेत मागणं हा तेव्हा १९८९ च्या रेल्वे कायद्यात कलम १४४ खाली गुन्हा होता, आणि स्टेशनच्या बाहेर आली की १९५९ चा मुंबईचा भीक प्रतिबंध कायदा आहेच. तुम्हाला नोकरी आहे, तुमची पुढची लढाई लग्नाची, १७ ऑक्टोबर २०२३ ला कोर्टानं लग्नाला मान्यता दिली नाही तेव्हा तुम्हाला जे वाईट वाटलं असेल ते मला कळतं. तिची लढाई भाड्याच्या खोलीची आणि रेशनकार्डाची आहे. आता 'आपला प्रश्न' म्हणून वकिलाला काय विचारायचं हे जर फक्त तुम्ही मित्रच ठरवणार असाल तर तिचा प्रश्न कधीच विचारला जाणार नाही, आणि त्यात तुमचा हेतू वाईट आहे असंही मी म्हणत नाही, फक्त ती तिथं नाही एवढंच.

आणि आपल्या भागाला तर हे माहीत पाहिजे. मराठवाडा निजामाकडं होता तेव्हा, निजामाच्या फसली पंचांगाप्रमाणे १३२९ म्हणजे १९१९ साली, हैदराबाद संस्थानात हिजड्यांसाठी वेगळा कायदा झाला, त्यांची नावं-पत्ते रजिस्टरमध्ये लिहायचे, बायकी कपड्यात किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसले, नाचले-गायले तर वॉरंट नसताना अटक. तेलंगणात तो कागदावर जुलै २०२३ पर्यंत होता, तिथल्या हायकोर्टानं तेव्हा तो घटनाबाह्य ठरवला. आपली लढाई ३७७ पासून सुरू झाली असं भाषणात म्हटलं की ज्यांच्या गुरूंच्या गुरूंनी हा कायदा सोसला त्यांचा सगळा इतिहासच गायब होतो, आणि तो इतिहास दिल्ली-मुंबईचा नाही, आपल्या मातीतला आहे.

एकजूट आधी, तुमचं नंतर बघू, हे वाक्य इथं कुणाकुणाला ऐकवलं गेलंय ते आठवा. विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळी पण लोक म्हणतच होते नावात काय आहे, शिक्षण महत्त्वाचं. १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि इथं गावोगावच्या दलित वस्त्या जाळल्या, प्रत्यक्ष नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्या शहरात राहून तुम्ही अक्षरं कशाला असं विचारताय म्हणून मला हे लिहावं लागलं, रागानं नाही लिहीत.

मग करायचं काय. तुमच्यापुढं दोन्ही रस्ते प्रामाणिक आहेत. एक, हा गे पुरुषांचाच ग्रुप ठेवा, काही पाप नाही त्यात, मुंबईत १९९५ ला बाईवर प्रेम करणाऱ्या बायकांनी 'स्त्री संगम' म्हणून आपला वेगळा ग्रुप काढला होताच, पुढं त्याचं नाव लेबिया झालं. पण मग कलेक्टर ऑफिसला निवेदन देताना किंवा पेपरवाल्याशी बोलताना एलजीबीटी समाजाच्या वतीनं असं म्हणायचं नाही. दुसरा रस्ता म्हणजे सगळ्यांना खरंच घ्यायचं, आणि त्यात अक्षर लिहिणं हे सर्वात सोपं काम आहे, नुसतं तेवढंच केलं तर ते न लिहिण्यापेक्षा वाईट, कारण माणूस नाव वाचून येतो आणि आत आल्यावर त्याला जागा नसते. एखाद्या महिन्याचा विषय ट्रान्स पुरुषांना ठरवू द्या आणि त्या दिवशी तुम्ही ऐका. वर्गणीतून लांबून येणाऱ्याचं एसटीचं तिकीट द्या. भेट दुपारी ठेवून बघा. कुणाचं नाव कसं लिहायचं हे त्यालाच विचारा, आपसात ठरवू नका.

प्रश्न : ताई मी क्लासमध्ये शिकवते. कॉलेजात असताना एका मुलीवर माझं प्रेम होतं, खूप वर्षं होतो आम्ही, नंतर तिच्या घरच्यांनी तिचं लग्न लावलं. आता एका मुलावर जीव जडलाय, लग्नाचं बोलणं चाललंय. माझ्या मैत्रिणी, ज्या स्वतः लेस्बियन आहेत, त्या म्हणायल्यात की तू कधी आमच्यातली नव्हतीसच, तू सेफ साइड बघितलीस, बाय वगैरे काही नसतं. घरी तर कुणाला काहीच माहीत नाही. मग मी खोटी आहे का? (जि. लातूर)

उत्तर : नाही गं, तू खोटी नाहीस. मुलीवर प्रेम केलंस तेही खरं आणि आता मुलावर करतेस तेही खरं, एकानं दुसरं पुसलं जात नाही. बाय माणसाला दोन्हीकडून हेच ऐकावं लागतं, घरचे म्हणतात बघ शेवटी आलीस ना लायनीवर आणि मैत्रिणी म्हणतात पळालीस, आणि दोघांच्याही बोलण्यात तू उरतच नाहीस.

मैत्रिणींचा राग कुठून येतो ते मात्र समजून घे. त्यांनी आपल्या डोळ्यांदेखत प्रेमाची माणसं हळद लावून जाताना बघितलीत, तुझ्याबरोबर पण तेच झालंय. त्यांना ती जखम आहे, पण तिचा हिशोब तुझ्या लग्नाकडून मागणं बरोबर नाही, हे त्यांना एकदा शांतपणे सांग, आणि हेही सांग की लग्नानंतर तू त्यांच्याबरोबर उभी राहणार आहेस, राहायची असशील तर. होणाऱ्या नवऱ्याला सांगायचं का हे तू विचारलं नाहीस म्हणून मी त्यात पडत नाही, फक्त सांगावंसं वाटलं तर लग्नाआधी सांग एवढंच म्हणेन.

प्रश्न : ताई, मपलं शिक्षण बारावी. जन्मल्यावर मुलगी मनून नाव ठिवलं पर मला कळतंय तवापासून मी पोरगाच हाय. घरचे दरसाली कारखान्यावर ऊस तोडायला जातेत, मी बी जातो. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, कोयता मंजी नवरा-बायकोची जोडी, मला अर्धा कोयता धरतेत त्यो बी बाईचा. लगीन लावलं तर पुरा कोयता व्हईल मनून घरचे लई मागं लागलेत. शहरात एका ग्रुपला गेलतो, तिथं समदे इंग्लिशमधी आपापलं प्रोनाउन, मंजी मला 'तो' मना का 'ती' मना ते, सांगायलते, मपली बारी आली तर काय सांगावं कळंना, नुसतं नाव सांगितलं अन् खाली बसलो. एक जण मनला तृतीयपंथी तर साडीवाल्या असतेत ना. पुन्यांदा गेलो नाही. मी नेमका कुण्या रकान्यात हाय? (जि. बीड)

उत्तर : दादा, तू गेलतो, बसलो असं लिहिलंयस, तेवढ्यावरून मला कळलं की तुझ्याशी कसं बोलायचं. ज्यांनी तो ग्रुप घेतला त्यांना मी हेच सांगेन की मराठीत माणूस एक वाक्य बोलला की कळतं, तो आलो म्हणतोय का आले म्हणतेय, कान देऊन ऐका आणि तसंच बोला, नाहीच कळलं तर मराठीत विचारा की तुम्हाला काय म्हणू. आणि कुणाला दोन्ही नको असेल तर ते आले, ते बसलेत असं म्हणायची आपल्याला सवय आहेच, मोठ्या माणसाला म्हणतोच की. इंग्रजीतली रीत चांगल्या मनानंच आणली असणार पण ती जर बारावी शिकलेल्या ऊसतोड पोराला खाली बसवत असेल तर ती सगळ्यांना सामावणारी भाषा नाही, ती इंग्रजी शाळेत शिकलेल्यांची भाषा झाली.

तू आहेस ट्रान्स पुरुष. रकान्याचं म्हणशील तर २०११ च्या जनगणनेत पुरुष, स्त्री आणि इतर एवढेच तीन होते, महाराष्ट्रात त्या इतरमध्ये ४०,८९१ लोक लिहिले गेले, त्यात तुझ्यासारखे किती आणि घरच्यांनी मुलगी म्हणून लिहून टाकलेले किती हे त्या आकड्यातून कुणालाच काढता येत नाही. आपल्याकडं तृतीयपंथी म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं साडी येते आणि तू दिसतच नाहीस. तामिळनाडू सरकारनं मद्रास हायकोर्टानं सांगितल्यावर २०२२ ला शब्दांची यादीच गॅझेटमध्ये छापली, त्यात ट्रान्स बाईसाठी तिरुनंगै आणि ट्रान्स पुरुषासाठी तिरुनंबी असे वेगवेगळे शब्द आहेत. मराठीत सरकारी कागदावर असं काही व्हायला पाहिजे, आणि ते करताना तुझ्यासारख्याला विचारून व्हायला पाहिजे.

तुझ्याच जिल्ह्यातले पोलीस ललित साळवे तुला माहीत असतील. २०१८ ला मुंबईत त्यांची शस्त्रक्रिया झाली आणि पोलीस दलात ते पुरुष म्हणून नोकरीत राहिले. पेपरात सगळं ऑपरेशनवरच आलं म्हणून एक सांगते, ऑपरेशन केलं तरच तू पुरुष असं काही नाही, १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात, म्हणजे ट्रान्स लोकांच्या हक्कांच्या निकालात, सुप्रीम कोर्टानं लिहिलंय की लिंग ओळखण्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदेशीर आहे. करावं वाटलं तर कर, पैसा कर्जानं काढून घाईत करू नको.

लग्नाचं सर्वात आधी बघ. तुझ्या मर्जीशिवाय कुणी लग्न लावू शकत नाही. जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथं गरीब माणसाला वकील फुकट मिळतो, कारखान्यावर जायच्या आधी तिथं जाऊन ये. अठरा पूर्ण नसतील तर १०९८ ला फोन कर. आणि मुकादमाच्या उचलीच्या कागदावर लग्नाचं काही गृहीत धरून अंगठा किंवा सही देऊ नको, ती उचल पुढं तुझ्या गळ्यात येईल.

प्रश्न : आई राजा उदो उदो! मी तुळजाभवानीचा आराधी, गळ्यात कवड्याची माळ हाय, परडी घेऊन मंगळवार-शुक्रवार जोगवा मागतो, लुगडं नेसतो. शहरातली पोरं आली व्हती, म्हणाली तुम्ही ट्रान्सजेंडर, तसंच सांगत जा. मला ते कायतरीच वाटतं. सांगावं का? (जि. धाराशिव)

उत्तर : वाटत नसेल तर सांगू नका. २०१९ चा जो ट्रान्सजेंडर कायदा झाला त्याच्या व्याख्येतच किन्नर, हिजडा, अरावनी आणि जोगता अशी नावं लिहिली गेली होती, म्हणजे दिल्लीत कायदा लिहिणाऱ्यांनाही देवीच्या माणसांचं आपलं नाव आहे हे कळलं होतं. पोरांचं मन चांगलं असेल पण तुमची ओळख तुमच्या माळेची आहे, ती काढून दुसरी द्यायचा त्यांना अधिकार नाही. एखाद्या सरकारी फॉर्मला तो शब्द लागला तर तेवढ्यापुरता वापरा.

प्रश्न : जय भीम ताई. मी ट्रान्स बाई आहे, बौद्ध. ग्रुपमध्ये बोलायला उठले की म्हणतात इथं जात आणू नको, इथं आपण सगळे एकच. डेऱ्यात, म्हणजे गुरूच्या घरी आम्ही सगळ्या राहतो तिथं, होते तेव्हाही पाण्याच्या माठावरून मला बोलणी बसलीत. आणि नोकरीच्या फॉर्ममध्ये एससी लिहायचं का ट्रान्सजेंडर? एक लिहिलं की दुसरं जातं. (जि. परभणी)

उत्तर : जय भीम ताई. जात तुम्ही आणलेली नाही, ती तुम्ही यायच्या आधीच तिथं बसलेली असते, आडनाव विचारलं जातं तेव्हा, भेट कुणाच्या घरी होते आणि भांडी कोण उचलतं तेव्हा. आपण सगळे एकच असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा ज्याला स्वतःची जात कधी सांगावी लागली नाही असाच असतो, हे मी इतक्या जागी बघितलंय की आता मला त्या वाक्याची चीड येते.

फॉर्मचं तुम्ही जे विचारलंत तो देशभरातल्या दलित ट्रान्स लोकांचा प्रश्न आहे. नालसा निकालात कोर्टानं सरकारांना सांगितलं की ट्रान्सजेंडर लोकांना सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग समजून आरक्षण द्या. ऐकायला बरं वाटतं, पण जी आधीच एससी आहे तिला मग आपला वर्ग सोडून मागास वर्गात जायचं का? म्हणून तामिळनाडूच्या ग्रेस बानू आणि त्यांच्यासारखे कार्यकर्ते समांतर आरक्षण मागतायत, म्हणजे महिलांच्या जागा जशा एससीतही असतात, ओबीसीतही, खुल्यातही, तशा ट्रान्सच्या जागा प्रत्येक वर्गात. कर्नाटकानं २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत असं १ टक्का दिलं. ही मागणी कुठल्या गे ग्रुपच्या बैठकीतून वर आली नाही, ज्यांना दोन रकान्यांत कापलं त्यांनीच ती मांडली, आणि म्हणून तुम्ही बोलायला उठाल तेव्हा खाली बसू नका.

तोपर्यंत जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी हातची सोडू नका. कुठल्या फॉर्मनं अडवलं तर त्याची प्रत ठेवा, लेखी उत्तर मागा. आपल्या औरंगाबाद खंडपीठानंच जानेवारी २०२१ ला जळगाव जिल्ह्यातल्या अंजली गुरू संजना जान यांना ग्रामपंचायतीच्या महिला राखीव जागेवर उभं राहू दिलं होतं, अर्ज आधी फेटाळला होता, त्या कोर्टात गेल्या आणि पुढं निवडूनही आल्या.

प्रश्न : ताई, माझं बाळ तीन महिन्यांचं आहे. जन्मल्यावर डॉक्टर म्हणाले मुलगा का मुलगी सांगता येत नाही, ऑपरेशन करून मुलगी करून टाकू, लहानपणीच उरकलेलं बरं. सासूबाई म्हणतात कुणाला कळायच्या आत करा. बारसं पण थांबलंय. मला काहीच सुचत नाही. (जि. हिंगोली)

उत्तर : आधी बाळाच्या तब्येतीचं बघू. अशा काही बाळांमध्ये मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा आजार असतो, त्यात अंगातलं मीठ कमी होऊन बाळ अचानक गंभीर होऊ शकतं, त्याला रोजची औषधं लागतात आणि त्यात उशीर चालत नाही. रक्तातल्या सोडियम-पोटॅशियमची आणि हार्मोनची तपासणी झालीय का हे उद्याच विचारा. बाळ उलट्या करत असेल, सुस्त असेल, वजन धरत नसेल तर उद्याची पण वाट बघू नका, लगेच न्या. लघवीला अडथळा असेल तर त्याचंही ऑपरेशन लागू शकतं. हा झाला उपचार.

मुलगी दिसावी म्हणून करायचं ऑपरेशन ही वेगळी गोष्ट आहे. त्याची घाई नसते, आणि कापलेलं परत येत नाही, पुढं मोठं झाल्यावर तेच मूल म्हणालं मी मुलगा आहे तर काय करणार? मद्रास हायकोर्टानं एप्रिल २०१९ मध्ये जिवाला धोका नसेल तर इंटरसेक्स बाळांवर अशी ऑपरेशनं करू नयेत असं सांगितलं आणि तामिळनाडू सरकारनं त्याच वर्षी तसा आदेश काढला. तो तिथल्यापुरता आहे, पण तुमच्या डॉक्टरांना तुम्ही विचारू शकता की हे आत्ता नाही केलं तर बाळाच्या जिवाला काय धोका आहे, तेवढं लिहून द्या. धोका नसेल तर सही करू नका. सरकारी मेडिकल कॉलेजला बालरोग विभागात फाइल दाखवून दुसरं मत घ्या, आणि मूळ रिपोर्ट कुणाला देऊ नका, झेरॉक्स द्या.

सासूबाईंना सांगा की बाळ इंटरसेक्स आहे, अशी बाळं जन्माला येतात, यात तुमचं किंवा कुणाचं पाप नाही. दवाखान्यात एखादी नर्स, एखादा विद्यार्थी बघायला गर्दी करत असेल तर नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. बारसं थांबवू नका, किरण ठेवा, नूतन ठेवा, दोन्हीकडं चालणारी नावं आपल्याकडं आहेत. आणि जन्माच्या नोंदीवर नाव लगेच पाहिजेच असं नाही, वर्षभरात फी न भरता आणि नंतर १५ वर्षांपर्यंत फी भरून ते टाकता येतं.